ढची पायरी

आमच्या जिन्यात मी जे केलं त्याची सोसायटीच्या दप्तरी नोंद 'विनापरवाना रंगकाम' अशी आहे. घरात जे केलं त्याला आमची ही 'पसारा' म्हणते. सूनबाई जे म्हणाल्या ते मी शेवटी सांगेन, कारण ते आधी सांगितलं तर पुढचं सांगायला मला तोंड राहणार नाही. मला विचाराल तर तो एक शैक्षणिक प्रयोग होता. पण मला कुणी विचारलेलं नाही.

माझी सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात गेली. लोक यायचे, ओरडायचे, मी लिहून घ्यायचो. 'आपली तक्रार नोंदवली आहे' या एका वाक्यावर मी घर चालवलं आणि मुलाचं लग्न केलं. अशा नोकरीनं माणसाला एक खोड लागते. कुठलीही गोष्ट सुरू होताना त्याला तिच्यातून पुढे निघणारी तक्रार आधी दिसते. या एका प्रकरणात तेवढी ती दिसली नाही.

सुरुवात अगदी साधी होती. मुलगा आणि सूनबाई दोघंही नोकरीला. दोन गल्ल्या सोडून राहतात. आमची चार वर्षांची नात सकाळी आमच्याकडे येते आणि संध्याकाळी घरी जाते. येते म्हणजे यायची. तिला आम्ही गुंडी म्हणतो, कारण रांगत्या वयात तिनं माझ्या शर्टाची गुंडी गिळली होती आणि ती परत मिळेपर्यंत घरात दुसरा विषय नव्हता. तर एका रविवारी चहा घेता घेता सूनबाई म्हणाल्या, "बाबा, तसं काही नाही, पण..."

'तसं काही नाही, पण' असं म्हणून ज्यांनी तोंड उघडलं, त्यांच्याकडे तसं काही नव्हतं असं माझ्या अख्ख्या नोकरीत एकदाही झालेलं नाही. मी कप खाली ठेवला.

"नाक्यावर ते नवीन बालकेंद्र निघालंय ना, तिथे दिवसभर ठेवून घेतात. आणि खेळातून शिकवतात."

"इथेही ती खेळतेच की," मी म्हणालो.

"खेळते हो. पण तुमच्याबरोबर टीव्हीवर बातम्या पण बघते. परवा मला विचारत होती, आई, महागाई कुठे राहते?"

मुलगा कपात बघत बसला होता. लग्न झाल्यापासून कठीण प्रसंगी तो कपातच बघतो. मी आमच्या हिच्याकडे पाहिलं. ती गुडघ्याला लावायचं मलम झाकण फिरवून फिरवून बंद करत होती, आणि ते केव्हाच बंद झालं होतं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. गुंडी यायला लागण्याआधी आम्हा दोघांचं दिवसभराचं बोलणं 'गॅस बंद केला का' आणि 'केला' एवढ्यावर आटोपत असे. भांडण नव्हतं, बोलायला काही नव्हतं. ती पोर यायला लागली आणि घरात पुन्हा आवाज आला. तो आवाज आता नाक्यावर जाणार होता. अशा वेळी माणूस जे बोलून बसतो तेच मी बोललो.

"खेळच हवेत ना? ते मी करीन. घरच्या घरी."

"अहो, तुम्हाला खिळा ठोकता येत नाही," ही म्हणाली.

पण सूनबाई मनानं वाईट नाहीत. त्यांनी मला महिना दिला. महिन्याच्या शेवटी केंद्रातल्या संचालिका नव्या मुलांची तोंडी चाचणी घेतात. रंग, आकार, मोजणी, मुळाक्षरं. त्यात गुंडीला सगळं आलं, तर शाळा सुरू होईपर्यंत ती आमच्याकडेच राहील. नाही आलं, तर केंद्रात. ठरलं. मी कामाला लागलो.

पहिला खेळ झाकणांचा. निरनिराळ्या रंगांची झाकणं गोळा करायची आणि मुलानं ती रंगाप्रमाणे वेगळी करायची. ही कल्पना ज्या मासिकातल्या लेखातून घेतली, त्यात 'घरातील टाकाऊ झाकणे' असं लिहिलं होतं. आमच्या घरात टाकाऊ झाकण एकच निघालं, त्यामुळे मी टिकाऊंकडे वळलो. तेलाचं पिवळं, फिनेलचं निळं, खोकल्याच्या औषधाचं पांढरं, मलमाचं हिरवं. गुंडीनं ती झटक्यात लावली आणि टाळ्या पिटल्या. प्रश्न आला तो झाकणं परत लावताना. कुठलं कुठे बसतं हे मला आठवेना. त्या रात्रीची भाजी फिनेलच्या झाकणाखाली राहिलेल्या तेलात झाली आणि जेवण आम्ही दोघांनी एकमेकांकडे न बघता ताटात ठेवलं.

दुसरा खेळ आकारांचा. खोक्याला चौकोनी, गोल, त्रिकोणी भोकं पाडायची आणि त्या त्या आकाराचा ठोकळा आत टाकायचा. माळ्यावर मायक्रोवेव्हचं खोकं उगाच पडलं होतं. ते उगाच नव्हतं हे पुढच्याच आठवड्यात कळलं, कारण मायक्रोवेव्ह बंद पडला आणि कंपनीचा माणूस म्हणाला, वॉरंटी आहे, पण वस्तू मूळ खोक्यातूनच द्यावी लागते. मी खोकं पुढे केलं. त्यानं ते चहूबाजूंनी फिरवून पाहिलं.

"हे उंदरांनी केलंय का?"

"त्रिकोण?" मी विचारलं. "उंदीर त्रिकोण पाडतील?"

"काका, मला कारण लिहावं लागतं."

मी म्हणालो, लिहा, शैक्षणिक कारण. त्यानं लिहिलं 'उंदीर', आणि वॉरंटी गेली. तक्रार विभागात मीही आयुष्यभर लोकांची कारणं अशीच आटोपशीर लिहीत आलो होतो, त्यामुळे मला नीट रागावताही आलं नाही.

तिसरा खेळ खरखरीत अक्षरांचा. पॉलिश पेपरची अक्षरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवायची, मुलानं त्यावरून बोट फिरवायचं. गुंडीला त्यातला क फार आवडला. तिनं तो हातात घेऊन त्यानंच टीव्हीच्या पडद्यावर आणखी एक क गिरवला. तेव्हापासून आमच्याकडे बातम्या कुणीही देत असला तरी त्याच्या कपाळावर क असतो. बातम्या बघणं त्यामुळे आपोआप कमी झालं, आणि सूनबाईंच्या मूळ तक्रारीचं निवारण झालं, हे माझं म्हणणं कुणी मनावर घेतलं नाही.

एव्हाना आमच्या घरात काहीतरी चाललंय हे इमारतभर झालं होतं. समोरच्या दारातले निवृत्त इंजिनिअर एका संध्याकाळी पाहणीला आले. यांनी हयातभर पूल बांधले आणि आता घरात बसून इतरांच्या गोष्टी कशा कोसळतील ते सांगतात. त्यांनी माझी अक्षरं बघितली, खोकं बघितलं, टीव्ही बघितला.

"तुमचं मुळातच चुकतंय," ते म्हणाले. "मूल बसून शिकत नाही. मूल चढून शिकतं. आपल्याला लिफ्ट नाही. जिना रोज चढावाच लागतो. पायरीला एक अक्षर टाका."

आयुष्यात मला मिळालेल्या सल्ल्यांत हा एकच चांगला होता, आणि त्यानंच माझं वाटोळं झालं.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर. गुंडी रोज सकाळी पहिल्या मजल्यापाशी फतकल मारायची आणि तिथून तिला कडेवर घ्यावं लागायचं. अक्षरं पायऱ्यांवर आली असती तर चढणं आणि शिकणं एकदमच झालं असतं. मी आधी खडूनं लिहिलं, तर झाडूवाल्या बाईंनी ते पुसून वर मलाच विचारलं, आजोबा, घाण कोण करतंय? मग ऑइलपेंट आणायचं ठरलं. मात्र जिना सगळ्यांचा, म्हणून मी रीतसर अर्ज घेऊन सेक्रेटरींकडे गेलो.

सेक्रेटरींनी अर्ज वाचला आणि उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली. "मुळाक्षरांसाठी मंजुरी द्यायची तर सर्वसाधारण सभा लागेल," ते म्हणाले. "पण मागे आपण जिन्यात 'पाय जपून ठेवा' असं लिहायला मंजुरी घेतलेली आहे. रंगवायचं राहून गेलं. तुमचं काम आपण त्यात बसवू. म्हणजे कागदावर ही सुरक्षा सूचना."

"क, ख, ग?"

"जपून ठेवा म्हणजे झालं."

रंगवायला मी दुपारची वेळ निवडली, सगळे झोपलेले असतात म्हणून. क पासून थेट ज्ञ पर्यंत पिवळी ठसठशीत अक्षरं काढत वर आलो. पार तिसऱ्या मजल्याजवळ पोचल्यावर मला सुचलं की ओला रंग वाळेपर्यंत लोकांना खालीही जायचं असतं. ते इतरांना माझ्याआधी सुचलं होतं. खालचे खाली उभे होते, वरचे वर. पेपरवाल्यानं संध्याकाळचा पेपर खालून वर फेकला, तो घ वर चिकटला. इंजिनिअर म्हणाले, पायाचा कोन बरोबर ठेवला तर कडेनं जाता येतं, आणि कडेनं जाऊन दाखवताना त्यांनी ग वर पूर्ण पाऊल दिलं. त्यांच्या दिवाणखान्यात आता तीन ग आहेत, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा फिका. सेक्रेटरींच्या वृद्ध मातोश्री देवासारख्या दुसऱ्या मजल्यावर अडकून बसल्या आणि जो येईल त्याला माझं नाव सांगत होत्या.

पण दुसऱ्या दिवशी रंग वाळला आणि गुंडी आली. खोटं कशाला बोलू, त्या सकाळी मला झाला तेवढा आनंद निवृत्तीनंतर कधी झाला नव्हता. ती पहिल्या पायरीवर दोन्ही पायांनी उडी मारून ओरडली, "क!" वर दारात खुर्ची टाकून बसलेल्या हिनं तिथूनच उत्तर दिलं, "कपाट!"

"ख!"

"खुर्ची!"

"ग!"

"गुंडी!"

"घ!"

"घर!"

"ङ!"

"पुढे चल!"

आमच्या हिचा आवाज एवढा मोठा आहे हे मी विसरलोच होतो. दोघींचा हा खेळ रोज सकाळी सुरू झाला. आठवडाभरात गुंडीला अक्षरं पाठ झाली, कडेवर घेणं सुटलं, आणि हिला गुडघ्यांची आठवण दुपारपर्यंत होईना. सूनबाई एकदा जिन्याखाली उभ्या राहून ऐकत होत्या. त्या हसल्या. मला वाटलं, जिंकलो.

आता जिन्याचा पहिला टप्पा पहिल्या मजल्यावर जिथे संपतो तिथे उजव्या हाताला क्लासवाल्या बाईंचं दार आहे. दारावर पाटी आहे: 'पहिली ते सातवी. वैयक्तिक लक्ष.' पाटीखाली बाण आहे. तो दाराकडे दाखवायला म्हणून काढला होता, पण पाटीचा एक खिळा सैल होऊन तो खाली वळलाय. मी खालून अक्षरं मोजून आणली नव्हती. ट गेला, ठ गेला, ड गेला, आणि बाणाच्या बरोबर खाली, बाईंच्या उंबरठ्यासमोर, शेवटच्या पायरीवर, पिवळाधमक, हातभर मोठा ढ आला.

शपथेवर सांगतो, माझ्या मनात काही नव्हतं. माझ्या दृष्टीनं तो ढगातला ढ होता. पण मुलांची फी भरणारे आईबाप पाटी वाचतात, बाणामागे नजर खाली आणतात आणि ढ बघतात, तेव्हा त्यांना ढग आठवत नाही.

आईबापांपर्यंत थांबलं असतं तर निभावलं असतं. परंतु ढ म्हणजे गुंडीचा लाडका आवाज. ढ आला की ती एका उडीवर भागवायची नाही. एका सकाळी वर्ग भरलेला, वाऱ्यासाठी दार उघडं, आणि गुंडी दारासमोर उड्या मारतेय, "ढ! ढ! ढ!" आत मुलं हसायला लागली. एकानं दुसऱ्याकडे बोट दाखवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे. बाई तरातरा बाहेर आल्या.

"कुणाला ढ म्हणतेस गं? कोण ढ?"

आजवर गुंडीला एवढ्या आस्थेनं अक्षर कुणी विचारलं नव्हतं. तिनं आनंदानं खाली बोट केलं. बाई नेमक्या त्या पायरीवर येऊन उभ्या होत्या.

"हा ढ!"

मी मागून धापा टाकत येईपर्यंत आतला वर्ग हातातून गेला होता. बाईंनी वाकून, डोळे मोठे करून, ओठांवर बोट ठेवलं. "शूऽऽ! एकदम गप्प! हे परत तोंडातून काढायचं नाही. कळलं?" आणि मग कमरेत ताठ होत मला म्हणाल्या, "तुम्ही शिकवता हे हिला?"

शिकवत होतो तर मीच.

त्याच संध्याकाळी सेक्रेटरींकडे बैठक झाली. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. "वीस-बावीस वर्षं मुलं घडवतेय मी. माझ्या दारात ढ?" मी म्हणालो, बाई, तो क्रमानं आलाय. त्या म्हणाल्या, माझ्याच दारात बरा क्रमानं येतो. मी सगळी अक्षरं एकेक पायरी वर सरकवायची तयारी दाखवली. इंजिनिअर म्हणाले, सरकवून तो फार तर बाईंच्या कोपऱ्यात जाईल. तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं की सेक्रेटरींच्या मातोश्री जिना चढताना दम खायला ज्या पायरीवर टेकतात, ती भ ची आहे.

सेक्रेटरींचा चेहरा उतरला. "भ?" ते म्हणाले. "माझी आई रोज भ वर बसते?" आपल्याकडे भ नं सुरू होणारी भाषा कोणती, ते कुणाला सांगायला नको. त्यांनी मंजुरीचा कागद काढला. "ही मंजुरी सुरक्षा सूचनेची आहे. ढ ही कुठली सुरक्षा सूचना? भ ही कुठली? हे रंगकाम विनापरवाना आहे."

भ वाचला तो मातोश्रींमुळे. त्या आतून म्हणाल्या, "राहू दे रे. मी बसले की तो दिसतच नाही." ढ वर मात्र बाई बसणार नव्हत्या. बहुमतानं तो पुसायचं ठरलं. माझ्या डोळ्यांदेखत पायरीवर राखाडी रंग फासला गेला, आणि तो मूळ पायरीच्या रंगाशी जुळला नाही. अख्ख्या जिन्यात आता सगळ्यात उठून दिसतो तो न दिसणारा ढ.

माझा अपमान झाला होता. तक्रार नोंदवून घेणारा मी, माझ्याविरुद्ध तक्रार नोंदवली गेली होती. घरी आल्यावर मी पॉलिश पेपरच्या अक्षरांतला ढ काढला आणि कपाटावर बॅगेखाली ठेवून दिला. खिडकीतून आवाज खाली जातो, पुन्हा झंझट नको.

"अहो, घरात तरी शिकवा तिला," ही म्हणाली.

"कशाला? ढ वाचून कुणाचं अडलंय? ढेकूण, ढेकर, ढोंग. सभ्य माणसाच्या कामाचा एक शब्द नाही त्यात."

"ढकलणं आहे की. दिवस ढकलणं. तेवढंच तर येतं तुम्हाला."

"आपली तक्रार नोंदवली आहे," मी म्हणालो, आणि विषय संपवला.

गुंडीनं तिच्या परीनं तोड काढली. दुसऱ्या दिवशी ती चढत आली. "ट! ठ! ड!" मग राखाडी पायरीवर तिनं उडी मारली नाही. हळूच दोन्ही पाय ठेवले, ओठांवर बोट ठेवलं, "शू", आणि पुढे "ण!" वरून ही हसली. मीही हसलो. आम्हाला वाटलं, पोरीनं नवा खेळ काढला.

चाचणीला सूनबाईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. शिक्षक या नात्यानं मीही गेलो. हिनं गुंडीचे केस विंचरले, दोनदा सोडले आणि पुन्हा विंचरले, आणि दारातून म्हणाली, "घरी घेऊन या हं तिला." वाटेत मी गुंडीचा हात दोनदा दाबला, तिला धीर द्यायचा असला की दाबायचो तसा. केंद्रात सगळं फर्निचर गुंडीच्या मापाचं होतं. मला बसायला एक लाल खुर्ची मिळाली. तिच्यात बसल्यावर माझे गुडघे माझ्या कानांशी बोलू लागले, आणि त्या अवस्थेत मी माझ्या शैक्षणिक कार्याच्या निकालाची वाट बघत होतो. मधल्या काचेतून आतलं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. संचालिका तरुण होत्या, हसतमुख होत्या. गुंडीनं रंग ओळखले. ठोकळे मोजले. मग अक्षरांचे पत्ते निघाले. ती धडाधड बोलत होती, तिचं तोंड मला दिसत होतं, आणि मी लाल खुर्चीत बसून तिच्याबरोबर ओठ हलवत होतो. मग एक पत्ता वर झाला. त्यावर ढगाचं चित्र होतं.

गुंडीनं ओठांवर बोट ठेवलं.

संचालिकांनी पुन्हा विचारलं. गुंडीनं मान हलवली, बोट तसंच. त्यांनी पत्ता जवळ नेला. ती खुर्चीत मागे सरकली.

थोड्या वेळानं संचालिका तिचा हात धरून बाहेर आल्या. "छान तयारी आहे हो," त्या म्हणाल्या. "रंग, आकार, मोजणी, सगळं येतं. फक्त जरा... ढ आहे."

सूनबाई ताडकन उठल्या. "काय म्हणालात?"

"म्हणजे तेवढंच. ढ. बाकी काही नाही."

"चार वर्षांच्या मुलीला तुम्ही ढ म्हणता?"

"अहो, मी कुठे म्हणते? तीच म्हणत नाही!"

"ती कशाला स्वतःला ढ म्हणेल?"

"तिनं म्हणायला हवं ना पण! मी तीनदा म्हणून दाखवलं."

"तीनदा?" सूनबाईंचा आवाज चिरला. "तिच्या तोंडावर तीनदा?" त्यांनी गुंडीला स्वतःकडे ओढून घेतलं, पर्स उचलली. "चला बाबा. मला नाही ठेवायची हिला इथे. तुमच्याकडेच बरी आहे ती."

तुमच्याकडेच बरी आहे ती. महिनाभर मी झाकणं काढली होती, खोकी कापली होती, गुडघे टेकून जिना रंगवला होता, ते या एका वाक्यासाठी. ते मिळालं होतं. मला आता काही करायचं नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं, उठायचं होतं, आणि दारात खुर्ची टाकून बसलेल्या माणसाला जाऊन सांगायचं होतं की आणली घरी.

मी उठायला लागलो. लाल खुर्ची माझ्याबरोबर उठली. ती काढण्यासाठी मी वाकलो तेव्हा गुंडीचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं. तिचे डोळे भरले होते. आई रडत होती, एक बाई लालबुंद झाल्या होत्या, आणि हे असं कशानं होतं ते तिला आमच्या जिन्यात नीट शिकवलेलं होतं.

"मी नाही म्हटलं, आजोबा," ती अगदी हळू म्हणाली. "मी गप्प होते."

मला त्या क्षणी स्वतःची फार शरम वाटली. मी खाली बसलो, त्याच लाल खुर्चीत, आणि म्हणालो, "सूनबाई, थांबा. त्या अक्षराबद्दल बोलतायत."

मग मी सगळं सांगितलं. पायरी, पाटी, बाण, क्लासवाल्या बाईंचं बोट, राखाडी रंग. कपाटावर बॅगेखाली ठेवलेलं अक्षरसुद्धा. संचालिकांना मधेच हसू आलं आणि त्यांनी ते आवरलं. सूनबाई हसल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, ओरडणाऱ्यांची मला सवय आहे. त्यांनी गुंडीच्या ओठांवरचं बोट हळूच खाली केलं आणि म्हणाल्या, "बाबा, तुम्ही तिला एका अक्षराला घाबरायला शिकवलंत."

नोंदवली आहे, एवढंसुद्धा तोंडातून निघालं नाही.

घरी मी एकटाच आलो. ही दारात खुर्ची टाकून बसली होती. तिनं माझ्या मागे पाहिलं, जिन्यात पाहिलं, आणि खुर्ची आत घेतली. गुंडी सोमवारपासून केंद्रात जाऊ लागली. झाकणं आता आपापल्या बाटल्यांवर आहेत. टीव्हीवरच्या माणसाच्या कपाळावर क आहे. गॅस बंद केला का, ही विचारते. केला, मी म्हणतो. दिवस ढकलतो आहोत.

परवाच्या रविवारी ती आली. मी तिला घ्यायला खाली गेलो होतो. मुलगा आणि सूनबाई गाडी लावत होते. ती माझा हात धरून चढायला लागली, क, ख, ग, पूर्वीसारखी, आणि वरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "कपाट!" ऐकू आलं. पहिल्या मजल्याशी आलो. ट, ठ, ड. त्या राखाडी पायरीशी माझं बोट आपसूक ओठांवर गेलं. गुंडीनं दोन्ही पायांनी उडी मारली.

"ढ!" ती ओरडली. बाईंचं दार बंद होतं. मग तिनं माझ्या बोटाकडे पाहिलं.

"आजोबा, तुला ढ येत नाही?"

"नाही गं."

तिनं जरा विचार केला. माझा हात दोनदा दाबला, मी तिचा दाबायचो तसा.

"मग तू पण केंद्रात ये ना. तिथे शिकवतात."

"विचारून बघ," मी म्हणालो. "आजोबांना घेतात का."